माझ्या आवाजातलं मीठ

अकरा वर्षं मी माझ्या ब्लॉगवर एकही जाहिरात येऊ दिली नाही. विमेवाले आले, प्रोटीन पावडरवाले आले, काढेवाल्या एका गृहस्थाने तर पेढ्यांचा पुडा पाठवला. तो आणणाऱ्या माणसालाच मी तो परत न्यायला लावला. गडहिंग्लजच्या कन्याशाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला नाही म्हणायला कोणी शिकवावं लागत नाही. आजही बाजारात माझ्या जुन्या विद्यार्थिनी मला पाहिलं की पाणीपुरीची प्लेट पाठीमागे धरतात आणि त्यांच्या मुली त्यांना हसतात.

बाराव्या वर्षी मी हो म्हटलं. का म्हटलं आणि त्यातून काय झालं ते इथे सांगते. हे लिहू नका म्हणून मला बजावण्यात आलं आहे, त्यामुळे जरा सविस्तरच सांगते.

ब्लॉगचं नाव 'पाणी फेकून द्या'. माझे यजमान विरुपाक्ष हत्तरकी यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी एक छापील यादी हातात दिली. पोटॅशियम कमी, पाणी कमी, मीठ कमी. आता स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईने पोटॅशियम कमी म्हणजे काय करायचं? ते काही डब्यावर लिहिलेलं नसतं. भाजीत असतं, डाळीत असतं, केळ्यात असतं, नारळाच्या पाण्यात तर विचारू नका. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं जादाचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. बिघडलेली टाकू शकत नाहीत. मग ते रक्तात साठतं आणि एका मर्यादेपलीकडे गेलं की हृदयाचे ठोके बिघडवतं. बहुतेक वेळा ना दुखत, ना खुपत. माणूस जेवून उठतो, हात धुतो, टेकून बसतो आणि पुन्हा उठत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि मधल्या दिवसांत ते कमीत कमी घाण करायचं, एवढंच हातात राहतं.

म्हणून भाजी बारीक चिरायची, कोमट पाण्यात भिजत घालायची, मग भरपूर पाण्यात उकळायची आणि ते सगळं पाणी मोरीत ओतायचं. भाजीचं पाणी टाकू नये असं आम्हा बायकांना लहानपणापासून पढवलेलं. माझ्या सासूबाई तर मी पातेलं उपडं केलं की डोळे मिटून घ्यायच्या. त्या भांडणातून ब्लॉगचं नाव आलं. यजमान मशीनवर नऊ वर्षं काढून गेले. मी लिहीत राहिले, कारण तोवर बेळगावपासून सावंतवाडीपर्यंत चाळीस हजार घरांत माझ्या सांगण्यावरून पातेली उपडी होत होती.

माझा मुलगा प्रसन्न पुण्याला असतो. ब्लॉग त्यानेच बांधून दिला आणि तोच तो सांभाळतो. गेल्या मार्चमध्ये तो आला तो एक प्रस्ताव घेऊनच.

"अव्वा, तुझ्या निम्म्या वाचकांना मधुमेह आहे. त्यांचे डोळे गेलेत. सुना-मुली वाचून दाखवतात तेव्हा त्यांना कळतं. तुझ्या आवाजात सगळे लेख बोलते केले तर?"

"कर की मग."

"ते फुकट होत नाही. 'पाझर'वाले करून देतील. बदल्यात जाहिरात."

मी उठून चहा टाकायला गेले. माझ्याकडे विषय संपला असं सांगण्याची ती पद्धत आहे. पण प्रसन्न माझाच मुलगा. तो मागोमाग स्वयंपाकघरात आला.

चौकटीतली जाहिरात आता कोणाला दिसतच नाही. फोन ती आपोआप गाळून टाकतो. त्यामुळे जाहिरातवाल्यांनी चौकटच काढून टाकली. प्रसन्नने मला ते कागदावर काढून समजावलं. लेख एका ठिकाणी ठेवलेला असतो, वाचणारा दुसऱ्या ठिकाणी असतो, आणि मध्ये असतं पाझर. त्या यंत्राने माझे सहाशे लेख आधीच वाचलेले असतात. माझी वाक्यं किती लांब, मी टोमणा कुठे मारते, दम कधी भरते, सगळं त्याला पाठ. वाचणाऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याची नाडी सांगतं, फोनचा कॅमेरा त्याची नजर. वाचताना शंका आली की माणसाची नजर मागे फिरते, तीच ओळ पुन्हा चाचपते. भरवसा असला की नजर सरळ पुढे जाते, श्वास संथ होतो. अशी संथ जागा सापडली की यंत्र तिथे चार शब्द घालतं, लेखकाच्याच भाषेत, आणि त्या वाचकाच्या उपयोगाच्या वस्तूबद्दल. दुसऱ्या वाचकाला दुसऱ्या वस्तूबद्दल. ऐकणाऱ्याला तेच शब्द लेखकाच्या आवाजात ऐकू येतात. लेखकाने स्वतः पान उघडलं तर त्याला मात्र त्याचा मूळ लेख दिसतो, काना-मात्रेचाही फरक नाही.

"म्हणजे माझ्या नावाने घराघरांत काय बोललं जातंय ते फक्त मलाच कळणार नाही," मी म्हटलं.

"कुकर, तवा, गाळणी असलं काही तरी बोललं जाईल, अव्वा. औषधांवर तर बंदीच आहे. तुला नको असेल ती प्रत्येक वस्तू तू यादीत लिही, ते ती घेणार नाहीत." मग तो जरा चिडून म्हणाला, "तुला जाहिरात म्हणजे पाप वाटतं. ठीक आहे. पण ज्याला दिसत नाही त्याने तुझ्या तत्त्वांचं काय करायचं?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मला तेव्हाही ते पटलं होतं आणि आजही पटतं. त्या दुपारी मी यादी करायला बसले. काढे, चूर्णं, प्रोटीन पावडरी, फळांचे रस, सुकामेवा, नाचणीची सत्त्वं, शहाळी, गूळ, पापड, लोणची, सॉस. सत्तेचाळीस वस्तू लिहिल्या आणि खाली सही केली. प्रश्नपत्रिका काढल्यासारखी दोनदा तपासली. तिच्यात मीठ नव्हतं.

का नव्हतं, याचा मी खूप विचार केला आहे. माझ्या स्वयंपाकघरात नऊ वर्षं मीठ ही फक्त कमी करायची गोष्ट होती. ते कोणी विकायला येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

*

पुढचे सहा महिने छान गेले, हेही सांगायला हवं. निपाणीचे एक अंध तंबाखूचे व्यापारी मला रोज संध्याकाळी 'ऐकायचे'. आजऱ्याची एक बाई म्हणाली, "तुमचा आवाज लावल्याबिगर आमची म्हातारी पालक चिरूच देत न्हाई." मी फुगले होते. कबूल करते.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी यास्मीन मुजावर दारात उभी राहिली. माझी दहावीची विद्यार्थिनी, आता तालुक्याच्या पोस्टात आहे. तिचे वडील बाबूलालभाई बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. डोळे गेले, मग मूत्रपिंडं गेली. आमच्या इथल्या केंद्रात त्यांचं डायलिसिस चालतं. ती चप्पल न काढताच आत आली. यास्मीनने असं कधी केलं नव्हतं.

"बाई, अब्बांचं पोटॅशियम सात पॉइंट एक आलंय. आज मशीनवर घेताना तिथला तंत्रज्ञ सदानंददादा म्हनला, अजून एक दिवस गेला असता तर आलाच नसता तुमी. आनि मी तर सगळं तुमी सांगितल्यापरमानं करते."

"काय खाल्लं त्यांनी? खरं सांग. केळं?"

"बाई, तुमची शप्पत, भाजी दोन पाण्यातनं काढते. मीठसुदिक तुमी म्हनला तेच आनलं."

"मी कुठलं मीठ म्हटलं?"

तिने पिशवीतून निळं पाकीट काढलं. 'मृदुला', कमी सोडियमचं मीठ. मी ते उलटं करून चष्म्यासमोर धरलं. साध्या मिठात असतं सोडियम क्लोराईड. त्यातलं सोडियम कमी करायचं तर खारटपणा कशाने आणायचा? पोटॅशियम क्लोराईडने. रक्तदाबवाल्याला ते कदाचित बरं असेल. ज्याला मूत्रपिंडंच नाहीत त्याला आपण चमच्याने विष वाढतो. आणि डॉक्टरने मीठ कमी करा म्हटल्यावर कुठलीही शहाणी सून दुकानात जाऊन नेमकं हेच पाकीट उचलणार. यंत्राने तरी दुसरं काय केलं? एका शहाण्या सुनेसारखा विचार केला.

मी माझा फोन आणला, तिचा घेतला, आणि दोन्हींवर मिठावरचा एकच लेख उघडून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

माझ्या फोनवर होतं: 'दिवसाचं मीठ सकाळीच छोट्या डबीत काढून ठेवा. डबी संपली की मीठ संपलं. सासू रुसली तर रुसू दे.'

तिच्या फोनवर होतं: 'दिवसाचं मीठ सकाळीच छोट्या डबीत काढून ठेवा. मी तर हल्ली मृदुलाच काढते, चव तीच आणि काळजी निम्मी. सासू रुसली तर रुसू दे.'

मी तो आवाजही लावला. मीच बोलत होते. 'काळजी निम्मी' म्हणताना मी हलकेच हसले सुद्धा होते.

"तुमी न्हाई लिवलं?" यास्मीनने विचारलं.

"नाही."

"मग हे कोन बोलतंय, बाई?"

तिला उत्तर द्यायच्या आधी मी प्रसन्नला फोन लावला.

*

तासाभरात आम्ही तिघं दोन ठिकाणांहून एकाच गोष्टीला भिडलो होतो. मी नवा लेख लिहिला, सात शब्दांचा. 'मृदुला मीठ डायलिसिसवाल्याला विष आहे. आत्ता फेका.' प्रसन्नने तो सगळ्यात वर चढवला. यास्मीनने तिच्या फोनवर उघडला आणि वाचून दाखवला.

"'मीठ कोणतंही असो, बेताने वापरा. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, भीड कसली?'"

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. तेच होतं. 'भीड कसली' ही माझी सवय आहे, तीही त्याने सोडली नव्हती. पलीकडून प्रसन्नचा आवाज आला, एकदम लहान झालेला. "अव्वा, करारात एक कलम आहे. जाहिरातदाराची निंदा त्याच पानावर येऊ देत नाहीत. यंत्र ती सौम्य करतं. मी वाचलं होतं ते. मला वाटलं, तू कशाला कोणाच्या तव्याची निंदा करशील."

पाझर काढून टाकायला तीस दिवसांची नोटीस लागत होती. मिठाचे सगळे लेख प्रसन्नने लगेच उतरवले, म्हणजे ते नवीन कोणी वाचणार नव्हतं, पण ज्यांच्या डब्यात ते मीठ आधीच जाऊन पडलं होतं त्यांना कोण सांगणार?

पाझरच्या कंपनीतून संपदा नावाची मुलगी बोलली. गोड बोलली. मीठ 'खाद्यवस्तू' या प्रकारात होतं आणि माझ्या नकार-यादीत नव्हतं, हे तिने मला माझीच यादी वाचून दाखवून सिद्ध केलं.

"मान्य," मी म्हटलं. "ती चूक माझी. आता ते वाक्य कोणाकोणाला दाखवलंत त्यांची नावं द्या."

"मॅडम, वाचकांची गोपनीयता आम्ही मोडू शकत नाही."

"त्यांची नाडी मोजता, नजर मोजता, आणि गोपनीयता मोडत नाही?"

"मी तुमची तळमळ समजू शकते, मॅडम. आम्ही सोमवारी तांत्रिक टीमची बैठक घेतो."

"सोमवारपर्यंत माणसं मरतील, बाई."

"मॅडम, तसा थेट संबंध सिद्ध झालेला नाही."

मी फोन ठेवला. एकतीस वर्षांत मी कुठल्या विद्यार्थिनीवर हात उचलला नाही, पण त्या क्षणी ती समोर असती तर काय झालं असतं सांगता येत नाही.

डायलिसिसच्या माणसाचा आठवडा कसा चालतो हे ज्याने घरात पाहिलंय त्यालाच शुक्रवारचा अर्थ कळतो. काहींच्या पाळ्या सोम-बुध-शुक्र, काहींच्या मंगळ-गुरु-शनि. रविवारी केंद्रं बंद. म्हणजे शुक्रवारी मशीनवरून उतरलेला माणूस थेट सोमवारी चढतो, आणि आठवड्यातली सगळ्यात जास्त माणसं याच लांबलेल्या खाड्यात जातात. पण एक गोष्ट आमच्या बाजूची होती. प्रत्येक माणूस मशीनवर जाण्याआधी वजनकाट्यावर उभा राहतो आणि उतरल्यावर पुन्हा उभा राहतो. अंगात किती पाणी साठलंय ते त्यावर कळतं. काटा चुकवून कोणाला जाताच येत नाही.

मी जाड कागदावर काळ्या शाईने, फळ्यावर लिहायचे त्या अक्षरात लिहिलं: 'मी निर्मला हत्तरकी. मी चुकले. माझ्या ब्लॉगवर सांगितलेलं मृदुला मीठ खाऊ नका. घरातलं पाकीट फेका. रक्त तपासा.' यास्मीनने पोस्टातून प्रती काढून आणल्या.

शनिवारी सकाळी प्रसन्न पुण्याहून गाडी घेऊन आला. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता, मीही दिली नाही. संकेश्वर, निपाणी, आजरा, चंदगड. प्रत्येक केंद्रात मी काट्यासमोर भिंतीवर कागद चिकटवला आणि कोल्हापूरच्या केंद्रांना तंत्रज्ञांनी आपापसांत फोटो पाठवले. निपाणीला एका म्हाताऱ्याने काट्यावरूनच माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"तुमी खऱ्या बाई काय? का जाहिरात?"

"खरी आहे."

"कशावरनं? काल फोनमदी बी आसंच बोललासा."

मी कागदावर बोट ठेवलं. "आजोबा, मी चुकले म्हणून कुठली जाहिरात सांगते का हो?"

त्याने थोडा विचार केला. "न्हाई बा," म्हणाला, आणि खाली उतरून त्याने सुनेला फोन लावायला सांगितला.

चंदगडच्या तंत्रज्ञाने नियम मोडून मला शुक्रवारच्या पाळीचे अकरा नंबर दिले, कारण ती माणसं आता सोमवारीच काट्यावर येणार होती. मी गाडीत बसून एकेकाला फोन केले. आठ जणांनी ऐकलं. दोघांनी उचलला नाही, त्यांच्या घरी केंद्रातला माणूस जाऊन आला. एकाने उचलला, माझा आवाज ऐकला, आणि मी 'मीठ' म्हणेपर्यंत कापला. पुन्हा लावला तर नंबर बंद केलेला. हल्ली दिवसभर ओळखीच्या आवाजात काही ना काही विकायला फोन येतात, माणसं वैतागलेली असतात. त्याचं घर लांबच्या वाडीवर होतं. केंद्रातल्या माणसाने सांगितलं, उद्या सकाळी जातो.

तो रविवारी सकाळी पोचला तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती.

*

पार्वती संभाजी गुरव, वय बावन्न. काजूच्या कारखान्यात सोलणीला होती. शनिवारी संध्याकाळी पेज खाल्ली, भांडी घासली आणि चुलीजवळ बसल्या जागी गेली.

हे मला सोमवारी सकाळी कळलं आणि दुपारी कंपनीची बैठक झाली. तांत्रिक टीम कुठे दिसली नाही, वकील मात्र होते. त्यांनी एक निवेदन पाठवलं. सदर वाक्य माझं नाही, ते स्वयंचलित प्रणालीतून आलं, मला त्याची कल्पना नव्हती, कोणाचीही वैयक्तिक चूक नाही. खाली माझी सही. त्याबरोबर पाझर आजच काढला जाईल, नुकसानभरपाई मिळेल, आणि मी पाच वर्षं या विषयावर लिहिणार वा बोलणार नाही.

प्रसन्नने ते दोनदा वाचलं. तो दोन रात्री झोपला नव्हता. "अव्वा, सही कर. यात खोटं काय आहे? ते वाक्य तुझं नाहीच."

"होकार कोणाचा होता?"

"माझा होता. मी तुला गळ घातली."

"तू गळ घातलीस. सही मी केली. यादी मी केली."

"मग काय करणार आहेस? त्यांच्याशी भांडणार? तुझा आवाज, तुझी सगळी भाषा करारानुसार पाच वर्षं त्यांच्याकडे राहणार आहे. उद्या ते तुझ्याच आवाजात तुझ्याविरुद्ध बोलतील!" त्याने निवेदन टेबलावर टाकलं. "मी तुला चांगलं म्हणून आणलं होतं गं ते."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला आणि फिरवला. तो ओक्साबोक्शी रडला. चाळिशीच्या मुलाला असं रडताना पाहणं फार वाईट.

जाहिरात करावी की करू नये, हे आता पुष्कळ लोक मला विचारतात. ज्याला करायची त्याने करावी. चौकट आखावी, वर 'जाहिरात' लिहावं, आणि माझ्या वाक्याच्या बाहेर उभं राहावं. वाक्याच्या आत मी कोणाला घेणार नाही. आत घेतलं की तिथे मी राहत नाही, आणि वाचणाऱ्याला ते कळतही नाही.

पण हे सगळं मला त्या सोमवारी इतकं स्पष्ट नव्हतं. निवेदन टेबलावर होतं, पेनही होतं. खरं सांगायचं तर सही करायचा मोह मला झाला. त्या एका कागदाने मी सुटले असते. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

डोक्याला टापशी बांधलेला, पायात धुळीने भरलेल्या चपला घातलेला एक माणूस दारात उभा होता. हातात निळं पाकीट. अर्धं रिकामं.

"हत्तरकीबाईंचं घर न्हवं? मी संभाजी गुरव."

प्रसन्नने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"दोन गोष्टी इचारायच्यात. खरं खरं सांगा. शनवारी फोन आला तवा आवाज तुमचा हुता. त्यो तुमीच का मशीन?"

माझ्या लक्षात आलं, हा माणूस दोन दिवस काय घेऊन फिरतोय. मशीन होतं म्हणाले असते तर तो जाहिरातीचा फोन कापून बसला होता, एवढंच राहिलं असतं. त्याला घरी जाऊन झोप लागली असती. आणि माझ्या टेबलावरचा कागद माझ्यासाठी नेमकं तेच करायला तयार होता. प्रसन्न माझ्याकडे बघत होता.

"मीच होते, गुरव," मी म्हटलं. "मी स्वतः बोलत होते."

त्याने भिंतीला हात टेकला. मी त्याच्यापासून नजर हलवली नाही, कारण हलवली असती तर पुन्हा तिकडे बघायची माझी हिंमत झाली नसती.

"आनि ह्ये?" त्याने पाकीट पुढे केलं. "ती रोज ऐकायची तुमचं. मला वरडायची, बाई काय सांगत्यात ते ऐक म्हनून. ह्ये बी तुमीच सांगितलं?"

"शब्द यंत्राचे होते. त्या यंत्राला माझ्या घरात मीच घेतलं. काय विकायचं नाही याची यादी मी केली आणि तिच्यात मीठ लिहायला विसरले."

"म्हंजे तुमची चूक."

"माझी चूक."

"फोन मी कापला. ती बाजूलाच बसली हुती. कोन म्हनली. म्हटलं, कायतरी इकत्यात." तो आता खाली बसला, खुर्चीवर नाही, उंबऱ्यावर. "कालपासनं समदे मला म्हनत्यात, तुजी काय चूक न्हाई. तुमाला बी म्हनत आसतील."

"म्हणतात. लिहून सुद्धा आणलंय." मी निवेदन उचलून त्याला वाचून दाखवलं, सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत.

'कोणाचीही वैयक्तिक चूक नाही' हे त्याने मला परत वाचायला लावलं. मग मान हलवली.

"मग ती मेली कशानं?" तो म्हणाला. "कुनीच काय केलं न्हाई तर बाई मेली कशानं? ह्ये न्हाई चालायचं. लिवा तुमी. तुमचं लिवा, माजं बी लिवा. नाव घालून लिवा. लपवू नगा."

"ते मला लिहू देत नाहीत, गुरव. सही केली तर पाच वर्षं, न केली तर कोर्ट."

"मी येतो की कोरटात," संभाजी गुरव म्हणाला.

मी निवेदन फाडलं नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहायला घेतलं. प्रसन्नने ब्लॉग त्याच संध्याकाळी बंद केला. त्यातले सहाशे लेख मी आता पुन्हा हाताने लिहिते आहे आणि तो ते छापतो. शाई एकदा कागदावर बसली की कोल्हापूरला जी ओळ असते तीच चंदगडला असते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी यास्मीन आणि आणखी सात जणी दर पाळीला केंद्रात बसून मोठ्याने वाचतात. काल मृदुलावाल्यांची नोटीस आली. पाझरवाल्यांची येईल.

त्यांच्या वकिलांनी हा कागद वाचावा म्हणून हा प्रत्येक वजनकाट्यासमोर लावला आहे. पार्वती संभाजी गुरव माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून ते मीठ खाल्ल्यामुळे मेली. तिला मारायला मी होकार दिला नव्हता, पण जे यंत्र तिच्या ताटापर्यंत पोचलं त्याला होकार दिला होता. तिच्या नवऱ्याने माझा फोन कापला. कंपनीने नावं दिली नाहीत. आम्ही दोघांनी आमचं सांगितलं. आता तुम्ही तुमचं सांगा. आम्ही कोर्टात येतोय.

निर्मला विरुपाक्ष हत्तरकी
संभाजी गुरव, निशाणी डावा अंगठा